सगळं आहे, तरी चिडचिड का होते?

"मॅडम, तिथं सगळं आहे हो. घर चांगलं, पगार चांगला, हवा स्वच्छ. तरी कशावरूनही डोकं फिरतं. परत यावं का?"

फ्रँकफर्ट, टोरांटो, डब्लिन, दुबई. गावं बदलतात, वाक्य तेच राहतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पहिली नोकरी करून बाहेर गेलेले इंजिनिअर, नवऱ्याबरोबर गेलेल्या डॉक्टर मुली, मास्टर्स संपवून तिथंच थांबलेली मुलं. डिसेंबर-जानेवारीत ही मंडळी नाशिकला येतात, लग्नं उरकतात, रविवारी मिसळ खातात, आणि परतीच्या विमानाला आठवडा उरला की माझ्या गंगापूर रोडच्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतात. काहींशी नंतर व्हिडिओ कॉलवर बोलणं चालू राहतं. सगळ्यांना 'परत यावं की नाही' याचं उत्तर हवं असतं. मी ते पहिल्या भेटीत कधीच देत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतही नाही. कारण बहुतेक वेळा तो प्रश्न निर्णयाचा नसतोच. दिवस वाईट गेला की त्यातून बाहेर पडायला माणूस जे दार शोधतो, ते हे दार असतं.

ऋताचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि तिची परवानगी घेतली आहे.

ऋता फिजिओथेरपिस्ट. इंदिरानगरला तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, चांगलं चालणारं. नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना, मिळालं. त्याच्या जोडीदाराला तिथं काम करायची मुभा असते, त्यामुळे कागदावर अडचण काहीच नव्हती. पण फिजिओथेरपी हा तिथं सरकारी मान्यतेशिवाय करता न येणारा व्यवसाय. भारतातली पदवी तपासून घ्यायची, त्यात काही कमी पडलं तर पुरवणी प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि साधारणपणे बी-टू पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी सफाईनं बोलता येईल इतकं, जर्मन. हे सगळं तिला जाण्याआधीच माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर रिकाम्या घरात बसणं वेगळं.

पहिल्या भेटीत ती जिन्याबद्दल बोलली. स्टुटगार्टच्या भागात जिना आणि फाटकासमोरचा रस्ता झाडायची पाळी रहिवाशांमध्ये आठवड्या-आठवड्यानं फिरते, 'केरवोखं' म्हणतात त्याला. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकवलेली असते. ऋतानं शनिवारी जिना झाडला, पुसला, पाटी पुढच्या दाराला लावली. संध्याकाळी शेजारीण आली, तिला तळघराच्या पायऱ्यांपाशी घेऊन गेली आणि कोपऱ्यातली धूळ बोटानं दाखवली. शब्द फार नव्हते. ऋतानं मान डोलावली, वर आली आणि नवऱ्यावर एवढी ओरडली की मुलगी रडायला लागली.

"दोन पायऱ्यांवरून एवढं कशाला, असं तो म्हणाला," ऋता सांगत होती. "बरोबरच आहे त्याचं. पण मॅडम, मला वाटलं हे माझं आयुष्य आहे आता. मला कोणीतरी धूळ दाखवतंय."

"नाशिकला जिना कोण झाडायचं?"

"सोसायटीची बाई."

"आणि तू?"

"मी क्लिनिकला असायचे."

उत्तर तिनं दिलं होतं, पण तिला ते अजून ऐकू गेलं नव्हतं. मी घाई केली नाही. पुढची काही सत्रं आम्ही तिच्या रागाच्या जागाच बघत होतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात महिनोन्महिने न मिळणारी तारीख. रविवारी सगळी दुकानं बंद. दुकानात तिनं जर्मन बोलायला सुरुवात केली की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो, म्हणजे तुझं जर्मन नको असं सांगतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मी कधीच खोट्या पाडत नाही. पण त्याच इमारतीत, त्याच शेजारणीजवळ राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला या अडचणींचा नुसता कंटाळा येत होता आणि ऋताला संताप येत होता. तो फरक कुठून येतो, हे मला शोधायचं होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धतीनं काम करते. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ही पद्धत मांडायला सुरुवात केली, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. तिचा गाभा असा की घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्यातून भावना तयार होते. एलिस यांनी आणखी एक भेद केला, जो मला त्याहून मोलाचा वाटतो आणि ज्याच्याकडे अनेक जण दुर्लक्ष करतात. दुःख ही निरोगी भावना आहे. काही गमावलं तर वाईट वाटलंच पाहिजे. जाळणारा संताप, स्वतःला कमी लेखणं, सगळंच व्यर्थ वाटणं या भावना मात्र माणसाला अडकवून ठेवतात. माझ्या अनुभवात परदेशातून येणाऱ्या बहुतेकांना राग पुरेपूर येतो, दुःख मात्र त्यांनी स्वतःला कधी होऊच दिलेलं नसतं.

एका संध्याकाळी मी तिला विचारलं, "क्लिनिकचा शेवटचा दिवस आठवतो?"

ती हसली. "आठवतो ना. एक निवृत्त शिक्षिका होत्या, फ्रोझन शोल्डरच्या. वर्षभर येत होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता, केस सुनेकडून विंचरून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं अंबाडा घातला. पिना माझ्या हातात होत्या, मी एकेक देत होते."

"मग?"

"मग मी ज्युनिअरला किल्ली दिली. रात्री घरी सगळे जेवायला होते. केक आणला होता."

"केकवर काय लिहिलं होतं?"

"काँग्रॅच्युलेशन्स, ऋता."

"कोणी विचारलं का, क्लिनिक सोडताना वाईट वाटतंय का म्हणून?"

"नाही. कशाला विचारतील? चांगलंच तर होत होतं."

"तू स्वतःला विचारलंस?"

स्क्रीनवर ती बराच वेळ खाली बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला इतक्या वर्षांत जमायला लागलंय याचं मला समाधान आहे. मग ती म्हणाली, "मला वाईट वाटायचा हक्कच नव्हता, मॅडम. मी माझ्या मर्जीनं आले. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझं नशीब काढलंस. आईनं तर पेढे वाटले. मी कुठल्या तोंडानं रडणार होते?" आणि ती रडली. जिन्याच्या प्रसंगातल्या ओरडण्यापेक्षा हे रडणं फार वेगळं होतं. शांत होतं, आणि ते संपलं तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता.

त्या दिवशी मला जे लख्ख दिसलं, ते नंतर अनेकांच्या बाबतीत पडताळून पाहिलंय. आपल्याकडे घरात कोणी गेलं तर लोक भेटायला येतात, नोकरी गेली तर धीर देतात. परदेशी जाणाऱ्याचं मात्र सगळे अभिनंदन करतात. त्यानं त्याच दिवशी आपलं काम, आपली भाषा, दहा मिनिटांत पोचता येणारी माणसं, ओळखीचे चेहरे एवढं सगळं मागे ठेवलेलं असतं. त्याचं सांत्वन कोणीच करत नाही, तो स्वतःही करत नाही. ते दुःख मग जिन्यातल्या धुळीच्या, बंद दुकानाच्या, नवऱ्यानं टेबलावर ठेवलेल्या कपाच्या निमित्तानं राग होऊन बाहेर पडतं. त्याला जोडून एक मागणी असते, ऋताच्या मनातही ती होती: मी एवढं सोडून आले, म्हणजे या देशानं मला ते भरून दिलंच पाहिजे. कुठलाही देश असं काही देणं लागत नाही. ही मागणी धरून ठेवली की रोज कोणीतरी आपला अपमान करतंय असंच वाटत राहतं.

पुढच्या वेळी मी तिला आणखी एक विचारलं. "त्या बाईंना पहिल्या दिवशी किती काळ लागेल म्हणून सांगितलं होतंस?"

"वर्ष तरी. फ्रोझन शोल्डरला कधी दोनही लागतात. घाई केली तर उलट दुखणं वाढतं."

"आणि स्वतःला?"

"सहा महिने," ती म्हणाली, आणि स्वतःच थबकली. "सहा महिन्यांत भाषा, मान्यता, नोकरी. असं ठरवून आले होते."

इथून पुढचं काम सोपं झालं असं नाही, पण ते काम झालं. 'परत यावं का' हा विषय आम्ही एप्रिलपर्यंत बंद ठेवला. हिवाळा उलटू द्यायचा, बी-टूची परीक्षा होऊ द्यायची, मग दोघांनी कागद-पेन घेऊन बसायचं, तोवर भांडणात हे वाक्य काढायचं नाही. हा सल्ला मी आता जवळजवळ सगळ्यांना देते: परत यायचा निर्णय अगदी योग्य असू शकतो, पण तो रागाच्या रात्री घेऊ नका, त्याला तारीख द्या. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर पडायचं, मग थंडी कितीही असो. भाषेचा वर्ग घरात बसून ऑनलाइन न करता गावातल्या फोल्कसहोखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रात, माणसांमध्ये बसून करायचा. शेजारणीला तिनं मोडक्या जर्मनमध्ये विचारलं की तळघर कसं झाडायचं ते एकदा दाखवा. शेजारीण काही त्यामुळे गोड झाली नाही. पण ऋताला तिचं बोट आता नुसतं बोट दिसतं.

बरेच जण विचारतात, तिथल्या मराठी मंडळात जावं की तिथल्या लोकांत मिसळावं? जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञांनी स्थलांतरितांवर दीर्घकाळ काम केलंय. आपलं जपत नव्या समाजाशीही नातं जोडणारे लोक सर्वसाधारणपणे जास्त सावरलेले असतात, असं त्यांच्या मांडणीतून पुढे आलं. माझा अनुभवही तोच. गणपतीला मंडळात जरूर जा. पण दर शनिवारी त्याच चार कुटुंबांत बसून तिथलं काय काय वाईट याची उजळणी होत असेल, तर सोमवारी ऑफिसात जाताना तुम्ही ती बरोबर नेता. आणि 'आधी छान वाटतं, मग धक्का बसतो, मग जुळतं' असा जो क्रम सांगितला जातो, त्याच्यावर फार विसंबू नका. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये 'कल्चर शॉक'वर बोलताना अशा टप्प्यांची कल्पना मांडली, पण नंतरच्या अभ्यासांत तो क्रम सगळ्यांना लागू पडताना दिसला नाही. कित्येकांना पहिले महिनेच सगळ्यात जड जातात. तुमचं वेळापत्रक इतरांसारखं नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, भूक नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर हे केवळ जुळवून घेण्याचं दुखणं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना गाठा. जर्मनीत सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरपासून करता येते. जीव नकोसा वाटत असेल तर एक मिनिटही एकटं राहू नका. जर्मनीत टेलिफोनझेलझोर्गची ०८०० १११ ० १११ ही मोफत सेवा दिवसरात्र चालते. भारतात टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आता नाशिकमधल्या आई-बाबांसाठी. ऋताची आई मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, ती फोनवर नेहमी हसतच असते. मला काय माहीत?" माहीत होणार कसं? ऋता रविवारचा फोन सुरू व्हायच्या आधी तोंड धुऊन, केस नीट करून बसायची. मी आईंना सांगितलं, 'कशी आहेस' विचारलं की 'मजेत' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काय झालं? आणि तिनं सांगितलं की लगेच 'मग ये परत' किंवा 'अगं, लोकांना व्हिसा मिळत नाही' यातलं काहीच म्हणू नका. ऐका, आणि पुढचा प्रश्न विचारा.

आईंनी पुढच्या रविवारी तसं विचारलं. आपल्याकडे दुपारचे साडेबारा, तिच्याकडे सकाळचे आठ. ऋता पाऊण तास बोलली. पुरवणी प्रशिक्षणासाठी दवाखाना अजून मिळालेला नाही हे तिनं आईला पहिल्यांदाच सांगितलं, आणि आईंनी विचारलं, "मग आता कुठे कुठे अर्ज करायचेत?"