पिकअपला मडफ्लॅप कोणते घ्यावेत आणि ते घरी बसवता येतात का?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की, नव्या पिकअपसोबत आलेले मडफ्लॅप (टायरमागे चिखल अडवणारे पडदे) आखूड आणि पातळ आहेत, पहिल्याच पावसात हौद्याच्या बाजू व मागचे दिवे चिखलाने माखले, आणि आता रबरी घ्यावेत की प्लास्टिकचे व ते स्वतः बसवता येतील का, असा पेच आपल्याला पडला आहे. मी माजलगाव तालुक्यात राहतो आणि शेतातून सोयाबीन व कापूस काढून बाजारापर्यंत पोहोचवणे हेच माझ्या पिकअपचे मुख्य काम आहे. ड्रिल मशीन हाताशी असेल तर मडफ्लॅप घरी निश्चित बसवता येतात. परंतु आपल्या काळ्या मातीत ते टायरपासून किती अंतरावर आहेत आणि गाडी भरल्यावर जमिनीपासून किती वर राहतात, हे आधी ठरवावे; रबर की प्लास्टिक हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्या वेळी दुकानदाराने रिकाम्या गाडीला मोठे, जाड रबर टायरच्या अगदी जवळ बसवून दिले आणि ते दिसायलाही भारदस्त होते. त्याच वर्षी वापसा यायच्या आत, म्हणजे जमीन पुरेशी सुकण्याआधी, पांदणीतून (शेताकडच्या कच्च्या वाटेने) सोयाबीनची पोती काढताना टायर आणि रबर यांच्यामधली फट चिखलाने गच्च भरली, आणि गाडी मागे घेताना टायर रबराच्या खालच्या टोकावर चढला. रबर तर फाटलेच, पण जाताना मडगार्डची कडही वाकवून गेले. मुरमाच्या वाटेवर असे सहसा होत नाही. काळ्या मातीतील चिकण पाणी धरून फुगते आणि थरावर थर चढवत जाते, म्हणून आपल्याकडे फट मोकळी ठेवावीच लागते. मी रिकाम्या गाडीत मागच्या टायरमागे 10 सें.मी. आणि पुढच्या टायरमागे 6 ते 7 सें.मी. अंतर ठेवतो.

मात्र अंतर वाढवले की रबर खाली आणावे लागते. टायरला चिकटलेला चिखल किंवा खडा सुटतो तो टायरच्या घेराला स्पर्श करणाऱ्या रेषेत सुटतो. जमिनीजवळून सुटलेला खडा जवळजवळ आडवा, तर वरून सुटलेला उभा उडतो. रबर जितके मागे, तितके ते खालपर्यंत असल्याशिवाय आडवा उडणारा खडा अडत नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लागतो तो नेमका हाच. दुसरीकडे, मालाने गाडी बसते. माझी गाडी दीड टन माल भरल्यावर मागे सुमारे 7 सें.मी. बसते, आणि स्प्रिंगचे पाटे सरळ होताना एक्सल किंचित मागे सरकत असल्यामुळे ठेवलेली फटही थोडी कमी होते. म्हणून माप भरलेल्या गाडीवर घ्यावे. भरलेल्या अवस्थेत रबराची खालची कड जमिनीपासून 15 ते 18 सें.मी. राहिली तर बांध, गतिरोधक आणि नाल्याची चढण यांतून ते सहसा निभावते. रुंदी टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे जास्त असावी, त्याहून अधिक नको.

आता प्रकार. साच्यातले कडक प्लास्टिक पुढच्या चाकांना नीट बसते, कारण तेथे कमानीच्या वळणाशी जुळणारा आकार लागतो. पण आपल्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे उन्हात तापलेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि एखाद्या दगडाला घासताच तुकडा निघतो. मागे 5 ते 6 मि.मी. जाडीचे, आत कापडाचा थर असलेले रबर घ्यावे. त्याहून पातळ रबर महामार्गावरच्या वेगात वाऱ्याने मागे उडते, म्हणजे गरजेच्या वेळी जागेवर नसते. काही जण ते उडू नये म्हणून खाली लोखंडी पट्टी ठोकतात; ती निसटली तर मागच्याच्या अंगावर जाईल, म्हणून मला ते मान्य नाही.

बसवताना गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि पुढच्या बाजूला काम करण्यासाठी चाक पूर्ण वळवून घ्यावे. पुढे आधीची भोके असतात, तीच वापरावीत. मागे हौद्याच्या आडव्या अँगलला भोके पाडावी लागतात. त्याआधी पलीकडे हात घालून ब्रेकची नळी किंवा दिव्यांची वायर नाही याची खात्री करावी, कारण या कामात खरे नुकसान होते ते येथेच. पंचाने खूण करून आधी 3 मि.मी. आणि मग 6.5 मि.मी. बिटने भोक पाडावे, कडांना रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावून तो वाळू द्यावा. रबर नुसत्या बोल्टवर टांगले तर भोकापाशी फाटते. म्हणून रबराच्या मागून 25 मि.मी. रुंदीची लोखंडी पट्टी लावून, पट्टी व अँगल यांच्या मध्ये ते दाबून धरावे. बोल्ट 6 मि.मी.चे, वॉशर रुंद आणि नट नायलॉनचे कडे असलेले घ्यावेत, म्हणजे हादऱ्यांनी सुटत नाहीत. सायलेन्सरचा पाइप रबराला टेकत नाही ना, तेवढे पाहावे.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात पांदणीतून डांबरी रस्त्याला लागण्याआधी फटीतला चिखल काठीने काढून टाकावा; संध्याकाळपर्यंत तो वाळला की मग पहारच घ्यावी लागते.