इंग्लंडमधली कोळशाचं पोतं घेऊन पळायची शर्यत नेमकी सुरू कशी झाली?

हो, खरी शर्यत आहे, पाठीवर कोळशाची पोती घेऊन पळणाऱ्यांचा जो व्हिडिओ तुम्हाला आलाय तो फेक नाही. गावाचं नाव गॉथॉर्प, वेस्ट यॉर्कशायरमध्ये ऑसेटला लागून. दरवर्षी ईस्टरच्या सोमवारी असते. मी लीड्सला राहते, तिथून जवळच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष बघितलीये.

सुरुवात कशी झाली हे विचारलंत, तर गावातले लोक जी गोष्ट सांगतात ती १९६३ ची. बीहाइव्ह इन नावाच्या पबमध्ये रेजी सेजविक आणि अ‍ॅमॉस क्लॅपम बसले होते, हे अ‍ॅमॉस कोळशाचे व्यापारी आणि गावाच्या मेपोल कमिटीचे अध्यक्ष (मेपोल म्हणजे गावात उभा असलेला उत्सवाचा उंच खांब). तेवढ्यात लुईस हार्टली आला, रेजीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला काय रे, पार दमलेला दिसतोस. रेजीला ते लागलं, तो म्हणाला तुझ्याइतकाच दम आहे माझ्यात, पटत नसेल तर तू एक पोतं घे पाठीवर, मी एक घेतो, आणि होऊन जाऊ दे शर्यत. आता अशा पैजा पबमध्ये रोज लागतात आणि सकाळी कुणाला आठवतही नाहीत, पण तिथेच कमिटीचे सेक्रेटरी फ्रेड हर्स्ट होते आणि कमिटीला ईस्टर मंडेसाठी काहीतरी कार्यक्रम हवाच होता. ते म्हणाले थांबा, हीच शर्यत ठेवू की, रॉयल ओक पबपासून मेपोलपर्यंत. माझ्या मते शर्यत टिकली ती फ्रेडमुळे, पैजेमुळे नाही.

अंतर १०१२ मीटर, बराचसा चढ. पुरुषांना ५० किलो, बायकांना २० किलो. हा ५० चा आकडा असाच ठरवलेला नाही, कोळसेवाले घरोघर जे पोतं टाकायचे ते एक हंड्रेडवेटचं असायचं, म्हणजे ५० किलोच्या किंचित वरच. रेकॉर्ड मेल्टम गावच्या डेव्हिड जोन्सचं आहे, ४ मिनिटं ६ सेकंद. एवढ्या ओझ्याखाली आणि चढावर!

जवळून बघाल तर पळणं राहिलं बाजूला, आधी पोतं कुठे ठेवलंय ते बघा. बहुतेक जण मानेच्या मागे दोन्ही खांद्यांवर आडवं घेतात, डोकं पुढे झुकलेलं, दोन्ही हातांनी पोत्याचे कोपरे गच्च धरलेले. ते जरा एका बाजूला सरकलं की माणूस तिकडेच ओढला जातो, आणि पळता पळता नीट करायला गेलं की वेग गेलाच. आतले खडे टोचतात ते वेगळंच.

व्हिडिओखाली लोक हसण्याच्या इमोजी टाकतात ते मला अजिबात आवडत नाही. हा सगळा कोळशाच्या खाणींचा पट्टा होता, इथल्या घरांमध्ये पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी खाणीत उतरलेलं. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण केलिंग्ली, तीही यॉर्कशायरमध्येच, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, आणि २०२३ पासून तर इंग्लंडमध्ये घरात जाळायचा साधा दगडी कोळसा विकायलाही बंदी आहे. म्हणजे कोळसेवाल्याचं पोतं पाठीवर घेणारे आता वर्षातून एकदा इथेच दिसतात, आणि गावकरी त्यांना ज्या जीव तोडून ओरडून चिअर करतात, शेवटून आलेल्यालासुद्धा, ते बघण्यासारखं असतं.

यायचं असेल तर फिनिशला गर्दी करू नका, चढावर उभे रहा, शर्यत खरी तिथेच ठरते.