क्रॅब अ‍ॅपलच्या बिया ठाण्यात रुजतील का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी नैनिताल जिल्ह्यात मुक्तेश्वरजवळ राहते. दिवाळीला आली तेव्हा दारातल्या क्रॅब अ‍ॅपलची, म्हणजे छोट्या रानसफरचंदाची फळं घेऊन आली. करवंदाएवढी, लालभडक, लांब देठाची. ती त्यांची जेली करते. बिया मी कुंडीत पेरल्या, पण महिना झाला तरी एकही उगवली नाही. आमची बाल्कनी पूर्वेची, सकाळचं ऊन भरपूर. झाड होईल का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : आधी कुंडी उपडी करू नका, बिया हलक्या हाताने उकरून काढा. दाबून टणक लागतील त्या अजून जिवंत असू शकतात.

पहाडात हे फळ थंडीच्या तोंडावर पिकतं. तेव्हाच कोंब फुटला तर तो बर्फात मरेल. म्हणून दोन-तीन महिने ओल्या थंडीत काढल्याशिवाय हे बी रुजत नाही. ओल्या थंडीत, हे महत्त्वाचं. कागदाच्या पुडीत फ्रिजमध्ये ठेवलेलं बी टिकतं, पण रुजायला तयार होत नाही. उरलेल्या फळांतल्या बिया गर पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण गरही उगवण रोखतो. मग ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. हे सगळं झिपच्या पिशवीत भरा, वर तारीख लिहा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४-५ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये नको. आठवड्याला एकदा उघडून पाहा, बुरशी धरलेल्या बिया काढून टाका. पांढरं मूळ डोकावलं की ते बी अर्धा इंच खोल लावा.

इथवर ठाण्यात जमेल. पुढचं जमणार नाही, आणि ते आत्ताच सांगितलेलं बरं. बियांची थंडी फ्रिज देतो, झाडाची थंडी कुठून आणणार? बहुतेक सफरचंदवर्गी झाडांना दर हिवाळ्यात ७ अंशांखालचे ८००-१००० तास लागतात, तरच कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे जानेवारीची पहाटही १५-१६ अंशांची. रोप दोन-तीन वर्षं पानं दाखवेल, मग रोडावत जाईल. मैदानात फळणारी ‘अ‍ॅना’ किंवा हिमाचलच्या हरिमन शर्मांची ‘एचआरएमएन-९९’ ही कमी थंडीत भागणारी, मुद्दाम निवडलेली सफरचंदं आहेत. तुमच्या बिया त्यातल्या नाहीत. बाल्कनीत झाड झुरत ठेवणं मला पटत नाही.

म्हणून या बिया मुलीकडेच परत पाठवा, असं मी म्हणेन. तिथे फ्रिजचीही गरज नाही. उंदरांपासून वाचवायला जाळी लावलेल्या वाफ्यात आत्ता पेरल्या, तर हिवाळा आपलं काम करेल आणि वसंतात रोपं वर येतील. त्या टापूत सफरचंदाच्या बागा खूप आहेत, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. त्यामुळे रोपं आईसारखीच निघतील असं नाही. एखाद्याची फळं मोठी, एखाद्याची पिवळी. फळाला सहा-आठ वर्षं सहज लागतात. पण त्याआधीही ही रोपं उपयोगी आहेत, कारण पहाडात सफरचंदाची कलमं अशा रानरोपांच्या खुंटावर बांधतात. आणि मोठं झालेलं झाड बागेला पराग पुरवतं. सफरचंदाला सहसा स्वतःच्या जातीच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून क्रॅब अ‍ॅपल शेजारी असलं की बागवाले खूश असतात.

जेलीची हौस मात्र कोलशेतलाच भागवा. कच्च्या करवंदात जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं, जेली छान जमते. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं मिळाली की बिया धुऊन त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवल्या तर त्यांची उगवण झपाट्याने घटते. कुंडी अठरा इंची घ्या, आणि घरात लहान मूल असेल तर कठड्याच्या कोपऱ्यात ठेवा. काटे भारी असतात.