कॉम्प्रेशन गेज लावण्याआधी एवढं समजून घे

इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो 10:1, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबून दहाव्या भागात बसवतो, म्हणून दाबही दहापट, असं तू वहीत मांडलंयस. बॉइलच्या नियमाने ते बरोबर, पण तो नियम तापमान कायम राहिलं तरच चालतो. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत 10 मिलिसेकंदांत येतो; उष्णतेला बाहेर पडायला सवडच नसते. सायकलचा पंप भराभर मारला की तळाशी गरम लागतो ना, तेच इथे, कितीतरी जोरात. म्हणून गुणोत्तराला 1.4 हा घातांक लाव: 1 बारचे सुमारे 25 बार होतात. हवा 27 अंशांवर आत आली असेल तर कागदावर ती 480 अंशांपर्यंत तापते. तापमानाचं हे गणित (इथे घातांक 0.4) केल्विनमध्येच कर, सेल्सियसमध्ये सगळं चुकेल.

मग प्लगच्या जागी लावून सिलिंडरमधला दाब मोजतो त्या गेजवर 12-13 बारच का? इंजिन खराब आहे म्हणून नव्हे. पिस्टन वर निघाल्यावरही हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो, त्यामुळे खरं दाबणं उशिरा सुरू होतं. स्टार्टरवर इंजिन संथ फिरतं, उष्णता भिंतींत जाते, पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून वायू निसटतो. शिवाय गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो.

मोजताना इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, फ्युएल आणि इग्निशन बंद. एखादा सिलिंडर फार मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोज. दाब चढला तर बहुधा रिंगा झिजल्यात; नाहीच चढला तर व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधलं सील) बघ.