समाजसेवा करायला कॉलेज कामून लागतंय?

चि. बाळ,

तुझा निरोप मिळाला. लांबलचक लिहिलंस, पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आणि तोही तुझा नाही, वडिलांचा. "समाजसेवा करायला कॉलेज कामून लागतंय? लोकं फुकटच करायलेत की." हे लिहिताना तू संकोचलीस, ते कळलं. संकोचू नको. माझ्या वडिलांनी हाच प्रश्न विचारला होता, फक्त त्यांनी तो चुलत्यांच्या देखत विचारला. पुढं मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक झाले, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. तरी गावात शेवटपर्यंत "ती दवाखान्यात काहीतरी कागदं करती" एवढीच माझी ओळख राहिली.

त्या प्रश्नाला मी एक गोष्ट सांगते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला मला क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष काम करून शिकायला, एक गाव मिळालं होतं. तिथं एक विधवा बाई होती, दोन लेकरं, जमीन दिराच्या ताब्यात. मी पेटून उठले. संजय गांधी निराधार योजनेचा तिचा अर्ज मीच भरला, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला मीच आणला, तहसीलला चकरा मीच मारल्या. चार महिन्यांनी तिचे पैसे सुरू झाले तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या वर्षी सहज त्या गावाला गेले, तर पैसे बंद झालेले. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. तिला तो द्यावा लागतो हेच ठाऊक नव्हतं, आणि कुठल्या खिडकीवर जायचं तेही नाही. ती माझी वाट बघत बसली होती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या क्षेत्रकार्याच्या डायरीच्या समासात लाल शाईनं एकच ओळ लिहिली: "तहसील तू पाहिलंस. तिनं कधी पाहिलं?"

वडिलांना सांग, कॉलेज या एका ओळीसाठी लागतं. दया आपल्याकडं गावोगाव आहे. दुष्काळात अन्नछत्र उभं राहतं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा गाड्याच्या गाड्या भरून कपडे आले. पण कपडे संपल्यावर कोणाचं घर कुणाच्या नावावर बांधायचं, अनाथ लेकराचा ताबा कुणाला, विधवेच्या मदतीचा चेक सासऱ्याच्या खात्यात का गेला, हे निस्तरायला शिकलेलं माणूस लागतं. त्या कामाला समाजकार्य म्हणतात. समाजसेवा हा शब्द त्याच्या शेजारचा आहे, पण तोच नव्हे.

आता तुझा प्रश्न. बारावीनंतर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी करावी, की साधं बीए करून मग एमएसडब्ल्यू?

दोन्ही वाटा चालतात. बीएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची बारावी चालते, तू कला शाखेची आहेस म्हणून काही अडत नाही. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, चार सत्रांचं, आणि त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. माझ्या वर्गात बीएस्सी ॲग्रीची एक मुलगी होती आणि ती आम्हा सगळ्यांच्या पुढं गेली, कारण शेतकऱ्याशी बोलताना तिला बोंडअळी कळत होती. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवी तीन की चार वर्षांची हा घोळ सुरू आहे. प्रवेशाच्या वेळी त्या कॉलेजात लेखी विचारून घे.

माझं मत विचारशील तर, घराजवळ बीएसडब्ल्यूचं कॉलेज असेल आणि तिथं क्षेत्रकार्य खरोखर होत असेल, तर बीएसडब्ल्यू कर. नसेल, तर अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बीए कर आणि सगळा जीव एमएसडब्ल्यूसाठी राखून ठेव. कागदावरच्या बीएसडब्ल्यूपेक्षा नीट वाचलेलं अर्थशास्त्र तुला जास्त कामाला येईल. एक गोष्ट मात्र पक्की धर, बीएसडब्ल्यूवर थांबायचं नाही. नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक वेळा एमएसडब्ल्यूच मागतात.

"खरोखर होत असेल" असं मी म्हटलं, त्यावर थोडं थांबते, कारण सगळं तिथंच आहे.

या पदवीत वर्ग अर्धा आणि क्षेत्रकार्य अर्धं. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुला एखादी संस्था, वस्ती, शाळा, दवाखाना किंवा तुरुंग दिला जातो. गेल्यावर काय पाहिलं, काय केलं, काय चुकलं ते रोजच्या रोज लिहायचं. ते तुझे मार्गदर्शक वाचतात आणि आठवड्याला तुला समोर बसवून त्यावर बोलतात. याला आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स म्हणतात. सगळ्या गटासमोर मांडायचं ती जीसी, म्हणजे ग्रुप कॉन्फरन्स. शिवाय गावात राहून करायचं ग्रामीण शिबिर असतं, आणि शेवटी एखाद्या संस्थेत महिनाभर पूर्णवेळ काम, त्याला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. पुस्तकं तुला व्यक्ती सहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशी नावं शिकवतील. यातली बरीच विद्या अमेरिकेतून आलेली. तिथल्या पुस्तकात केसवर्क, म्हणजे हेच व्यक्ती सहाय्यकार्य, बंद खोलीत, दोन खुर्च्यांवर होतं. तुझं केसवर्क ओट्यावर होणार, सासू शेजारी गहू निवडत बसलेली, आणि प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर सासूच देणार. मग सुनेशी बोलायचं कुठं? मी पाण्याच्या टँकरच्या रांगेत बोलायचे. असलं काही कुठल्या पेपरात विचारत नाहीत. ते आयसीत बसूनच कळतं.

आणि काही ठिकाणी ही आयसी होतच नाही. शेवटच्या महिन्यात मुलं एकमेकांच्या डायऱ्या उतरवून काढतात, संस्थेचा शिक्का मारून आणतात, आणि डायरीत १५ ऑगस्टलाही गृहभेट झालेली असते. मी बाहेरची परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेले, तर तीन मुलींच्या डायरीत एकच आजीबाई, एकाच तारखेला, तीन वेगळ्या गावांत. मी हसले, पण रात्री झोप नाही आली.

म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नको. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना गाठ आणि म्हण, "ताई, तुमची डायरी दाखवता का?" समासात लाल शाई आहे का बघ. मार्गदर्शक त्यांच्यासोबत वस्तीत किती वेळा आले ते विचार. एका मार्गदर्शकाकडं किती मुलं आहेत तेही विचार. शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत की तासिका तत्त्वावर चाललंय, हे ऑफिसात नाही सांगणार, कॅन्टीनवाला सांगेल.

ठिकाणांचं थोडक्यात. आपल्या मराठवाड्यात यासाठी बघायची दोन विद्यापीठं. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, त्याच्याकडं संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं, त्याच्याकडं नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. दोन्हींशी जोडलेली समाजकार्याची कॉलेजं आहेत, मराठीत शिकता येतं, पेपरही मराठीत लिहिता येतो. फी झेपण्यासारखी. एक गंमत ध्यानात ठेव, राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण खात्याकडं नसतात, ती सामाजिक न्याय विभागाकडं असतात. त्यामुळं कधी चौकशीला गेलीस तर चुकीच्या ऑफिसात दिवस घालवशील.

तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. मूळ संस्था मुंबईची, १९३६ ची, देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते तिथंच. देवीच्या पायथ्याशी ही संस्था आहे हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना माहीतच नसतं आणि केरळ, आसामची मुलं तिथं येऊन शिकतात, याचा मला कायम राग येतो. प्रवेशाला सीयूईटी ही देशपातळीवरची परीक्षा आहे. शिकवणं इंग्रजीत. तुला इंग्रजीची भीती वाटते हे तू लिहिलंयस. भीती खरी आहे, पण पहिल्या सत्रानंतर ती निम्मी होते, हे मी तिथून शिकून आलेल्या आपल्या भागातल्या पोरांकडून ऐकलंय. अर्ज भरून तर बघ. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, ही जुनी, नावाजलेली घरं आहेत, पण तिथं राहण्याचा खर्च आधी मोज.

इग्नू या दूरशिक्षणाच्या विद्यापीठातूनही बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू होतं. ती वाट अंगणवाडी ताईसाठी किंवा संस्थेत आधीच काम करणाऱ्यासाठी चांगली. तू अजून अठराची नाहीस, तुला चार मित्र, एक होस्टेल आणि एक कडक मार्गदर्शक लागतो. दूरशिक्षणाच्या नावाखाली "क्षेत्रकार्याची गरज नाही, घरबसल्या एमएसडब्ल्यू" असं कुणी बसस्टँडवर पत्रक दिलं तर ते तिथंच टाक.

एमएसडब्ल्यूला पुढं विशेषीकरण असतं, सगळीकडं सगळी नसतात. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत जायचं म्हणून बरीच मुलं मनुष्यबळ व्यवस्थापन घेतात. त्याला जुना आधारही आहे, १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला होता. वाईट काही नाही, पगार वेळेवर होतो. माझी वाट वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्याची. यात मनोविकाराकडं जायचं असेल तर एमएसडब्ल्यूवर भागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणजे कोण याची व्याख्याच दिली आहे, आणि तिच्यात एमएसडब्ल्यूच्या पुढची दोन वर्षांची एम.फिल. येते. एम.फिल. आता सगळीकडंच मागं पडत चाललीय, तेव्हा त्या वेळी काय नियम आहे ते तपासावं लागेल. वकिलाला बार कौन्सिल असते, तशी आपल्या सगळ्या धंद्याला परिषद नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं मात्र वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलंय.

पण तुला मी ओळखते म्हणून सांगते, तू कुटुंब आणि बालकल्याण बघ. दसरा झाला की तुझ्या गावचा कोयता ऊसतोडीला निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, मुकादम त्या जोडीला उचल देतो, म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकायचं. हे तुला कुणी शिकवायची गरज नाही, तू हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिकलीस. आता त्याच्या दुसऱ्या बाजूनं बघ. बालविवाह थांबवला म्हणून पेपरात फोटो येतो. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन गेला, ग्रामसेवक आले, पोलीस आले, मांडव निघाला. पण त्या पोरीचं दुसऱ्या दिवशी काय? तिला बालकल्याण समितीसमोर नेतात, आणि मग कुणीतरी तिच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा असतो. कायद्यानं त्याला १५ दिवस दिलेत. घरात उचल किती फिटायची राहिली, आई कुणाच्या बाजूची, पोरीला परत पाठवलं तर महिन्यात गुपचूप लग्न लागेल का, हे त्या अहवालात यावं लागतं. मी असे अहवाल वाचलेत ज्यांत फक्त "कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची आहे" एवढंच होतं. तू लिहिशील तेव्हा तसं लिहिणार नाहीस.

पैशाचं लपवत नाही. बालसंरक्षण कक्ष, अत्याचारग्रस्त बायांसाठीचं सखी केंद्र, एचआयव्ही समुपदेशक, बचत गटांचं उमेद अभियान, यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा, पगार कधी दोन-तीन महिने थकतो. संस्थेत प्रकल्प संपला की काम संपतं. माझ्यासारखी कायम जागा निघते, पण कधीमधी, आणि तिच्यासाठी स्पर्धा परीक्षा. माझी एक हुशार विद्यार्थिनी पाच वर्षांत चार संस्था बदलून शेवटी शिक्षिका झाली. मी तिला दोष नाही देत. वडिलांना हेही सांग, लपवू नको. नंतर कळलं तर ते तुझ्यावर नाही, माझ्यावर रागावतील.

आणि एक, जायच्या आधी थोडं बघून घे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायांना शिकवून भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहियांनी उभं केलेलं मानवलोक, ग्रामविकासाचं काम करणारी संस्था, आहे. औशाजवळ हासेगावात एचआयव्हीबाधित मुलांचं सेवालय आहे. परीक्षा झाली की यातल्या एखाद्या ठिकाणी आठ दिवस राहून ये, नुसतं झाडलोट कर, बघ. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला तर तसं मला मोकळेपणानं सांग, आपण दुसरं काही शोधू.

वडिलांना घेऊन एखाद्या सोमवारी माझ्याकडं या. त्यांना मी दवाखान्यात माझ्या जुन्या खोलीवर नेते. तिथल्या बाकावर एक तास बसले की कोण येतं, काय विचारतं, ते त्यांच्या डोळ्यांनी दिसेल, मला बोलावं लागणार नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाक. निकाल लागल्यावर सेतूत रांग लागते, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याशिवाय पुढं सरकत नाही. बँकेचं खातं तुझ्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं आहे ना? नसेल तर तेवढं या आठवड्यात कर.

तुझी,
मॅडम