विज्ञानाच्या तासाला दशावतार शिकवावेत का?

प्रश्न: ताई, मुलगा सीबीएसईच्या शाळेत दहावीला आहे. मागच्या आठवड्यात सायन्सच्या तासाला सर म्हणाले की डार्विनची उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, सिद्ध काही झालेलं नाही, आणि आपल्या दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय, आधी मासा मग कासव मग वराह. घरी येऊन तो विचारतो, आई खरं काय? आमच्याकडे रोज पूजा असते, मी वारीही केलीये, त्यामुळे सरांशी बोलायला जीव धजत नाही. मिस्टर म्हणतात दोन्ही शिकवू देत, पोरं ठरवतील. पण मला खटकतंय. माझं चुकतंय का?
- एक आई, नाशिक

उत्तर: नाही हो, अजिबात चुकत नाहीये. मी बरीच वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय आणि मीही देवापुढे दिवा लावते, त्यामुळे तुमची घालमेल मला नीट कळते.

आधी त्या थिअरीचं बघू. रोजच्या बोलण्यात थिअरी म्हणजे अंदाज, पण सायन्समध्ये तसं नसतं. जंतूंमुळे आजार होतात हीसुद्धा थिअरीच आहे आणि तरी आपण ऑपरेशनच्या आधी हात धुतलेच पाहिजेत म्हणतो ना. हा धडा घेताना मी पोरांना सांगायचे, पाठीच्या कण्यावरून हात खाली न्या, अगदी शेवटी जे टोक लागतं, पडल्यावर जीव जाईल इतकं दुखतं ते, त्याला मराठीत नावच माकडहाड आहे. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या प्रत्येकाला छोटीशी शेपटी असते आणि आठव्या आठवड्यापर्यंत ती जिरून जाते. हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा, मग प्रश्नांचा नुसता पाऊस. वरळीच्या टेकडीतल्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. उद्या त्याच थरात माणसाची कवटी निघाली तर उत्क्रांतीचा सगळा हिशोब कोसळेल, पण जगभर इतकं खणून अजून तरी तसं कुठे निघालेलं नाही. आपण चूक ठरू शकतो हे मान्य करून जे टिकतं ते सायन्स.

आता दशावतार. कोकणात जत्रेला रात्रभर जागून मी दशावतारी नाटकं बघितलीत, मला ते फार प्रिय आहेत, म्हणून सांगते, त्यांना या परीक्षेला बसवू नका. उत्क्रांती म्हणजे शिडी नाही, ते फांद्या फुटत जाणारं झाड आहे, वराह काही माणसाचा पूर्वज नव्हे. आणि नववा अवतार कोण, तर कुठे बुद्ध, कुठे बलराम, आपल्याकडच्या जुन्या चित्रांत तर विठोबा. भक्तीत हे चालतं, किंबहुना त्यातच गोडी आहे, पण सायन्सच्या वहीत लिहिलं की सर पुरावा मागणार, आणि मागायलाच हवा. मग माझ्या विठोबाने पुरावा का म्हणून द्यायचा?

मिस्टर म्हणतात तसं दोन्ही शिकवायचा प्रयोग अमेरिकेत झालाय. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवलं की नववीच्या बायोलॉजीत डार्विनच्या आधी एक निवेदन वाचायचं, की ही फक्त थिअरी आहे आणि सृष्टीमागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार आहे असंही एक मत आहे. सायन्सच्या शिक्षकांनी ते वाचायला चक्क नकार दिला. ११ पालक कोर्टात गेले, त्यात चर्चला जाणारेही होते, आणि डिसेंबर २००५ मध्ये जज जोन्स यांनी निकाल दिला की हे सायन्स नाही, धर्म आहे. वर वकिलांच्या फीपोटी शाळेला सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे पोरांच्याच शाळेचे पैसे.

आपल्याकडे तर दोन्ही सुद्धा नाही. सीबीएसईच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने ओझं कमी करायचं म्हणून दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. बारावीच्या बायोलॉजीत ती आहे, पण दहावीनंतर बायोलॉजी सोडणाऱ्या पोरांचं काय? म्हणजे तुमच्या मुलाच्या पुस्तकात धडाच नाही आणि कानावर पडलं ते एवढंच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर असं करा. बाजारातून स्टेट बोर्डाचं दहावीचं विज्ञान भाग २ आणा, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, मुलासोबत बसून वाचा. सरांना एकटं गाठून शांतपणे भेटा, वर्गासमोर नको, आणि म्हणा की दशावतार मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासाला जरूर सांगा, आम्हालाही आवडेल, पण सायन्सच्या तासाला जीवाश्म दाखवा. बहुतेक शिक्षक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. आणि घरी देवापुढे बसाल तेव्हा त्याला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाचून दाखवा. सृष्टी कुठून आली हे कुणाला ठाऊक, वर बसलेल्या त्या अध्यक्षाला ठाऊक असेल किंवा कदाचित त्यालाही नसेल, असं त्या ऋषींनी स्वच्छ म्हटलंय. मग मुलाला काय वाटतं ते विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मधे बोलू नका.