चार जागा लक्षात ठेवणारा सर्व्हो कॅमेरा स्टँड आर्डुइनोवर कसा बनवायचा?

कॅमेरा ४०० ग्रॅमचा, सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) एसजी९०, स्टँड थरथरतो आणि वीज गेली की जागा विसरतो, असं तुम्ही लिहिलंय. प्रोग्रामला हात लावण्याआधी वजन आणि वीज बघा.

कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य टिल्टच्या (वर-खाली झुकण्याच्या) अक्षापासून ५ सेंमी दूर असेल, तर सर्व्होवर २ किलो-सेंमी जोर येतो. एसजी९० ची कमाल ताकदच साधारण १.८. टिल्ट आणि पॅन (डावी-उजवीकडे फिरणं) दोन्हीकडे धातूच्या गिअरचा एमजी९९६आर लावा आणि कॅमेरा मागेपुढे सरकवून अक्षावर तोलून घ्या. पॅनमध्ये कॅमेऱ्याचं वजन सर्व्होच्या दांड्यावर टाकू नका, खाली बेअरिंगची फिरती चकती द्या.

अडकल्यावर एमजी९९६आर अडीच अँपिअरपर्यंत करंट खेचतो. तो आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेतला की व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो आणि सर्व्हो झटके देतात. सर्व्होंना वेगळा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर द्या आणि सर्व्होंच्या जवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा (धन-ऋण नीट बघून). आर्डुइनो नॅनो बोर्डाला मोबाईलचा चार्जर पुरतो. दोन्हींचे ग्राउंड मात्र जोडलेच पाहिजेत, नाहीतर सिग्नलला आधारच राहत नाही. प्लसच्या तारा एकमेकींना जोडू नका.

सर्व्होंचे सिग्नल ९ आणि १० नंबरच्या पिनवर घ्या. जॉयस्टिक दोन अ‍ॅनालॉग पिनवर, आणि तिच्या मधल्या जागेच्या ५१२ या आकड्याच्या आजूबाजूचे ३० आकडे सोडून द्या, म्हणजे हात काढल्यावर कॅमेरा हळूहळू सरकत राहणार नाही. चार बटणं पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, बोर्डाच्या आतला पुलअप (बटण न दाबलेलं असताना पिन ५ व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) चालू करून. थोडं दाबलं की त्या जागेवर जायचं, दीड सेकंद दाबून ठेवलं की जागा साठवायची.

जागा अंशांत साठवू नका, मायक्रोसेकंदांत साठवा. कुठे वळायचं हे सर्व्होला सिग्नलच्या पल्सच्या लांबीवरून कळतं; ती १००० मायक्रोसेकंदांनी बदलली की सर्व्हो साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे एक अंश जवळजवळ ११ मायक्रोसेकंदांचा. पूर्ण अंशांत ही बारकाई हातची जाते. एका जागेला पॅन आणि टिल्ट मिळून ४ बाइट, चार जागांना १६. नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) १०२४ असतात. कोऱ्या ईईप्रॉममधून ६५५३५ वाचलं जातं, म्हणून आकडा १००० ते २००० च्या बाहेर असेल तर १५००, म्हणजे मधली जागा, धरा.

वीज आल्यावर बसणारा झटका टाळायला हालचाल थांबली की शेवटची जागाही साठवा. प्रत्येक पावलाला लिहू नका, एका बाइटचं आयुष्य सुमारे १ लाख लेखनांचं असतं. सुरुवातीला प्रोग्राममध्ये सर्व्हो अटॅच करण्याआधी (पिनला जोडण्याआधी) तो आकडा राइट-मायक्रोसेकंड्स या आदेशाने द्या, मग अटॅच करा. क्रम उलटा झाला तर सर्व्हो आधी १५०० कडे धावतो. वीज नसताना कुणी हाताने स्टँड फिरवला असेल, तर मात्र झटका बसणारच. साध्या सर्व्होकडून आर्डुइनोला त्याची खरी जागा कळत नाही.

हालचालीसाठी दर २० मिलिसेकंदांना ४ मायक्रोसेकंद पुढे जा. वेग सेकंदाला साधारण १८ अंश पडतो. पॅन आणि टिल्टमध्ये ज्याचं अंतर जास्त, त्यावरून पावलांची संख्या काढा आणि दुसऱ्याचं अंतर तेवढ्याच पावलांत वाटा, म्हणजे दोन्ही एकदम पोचतात.

एवढं करूनही त्याच जागेवर चौकट किंचित सरकलेली दिसेल. तो गिअरमधला ढिलेपणा असतो. प्रत्येक जागेवर एकाच बाजूने पोचा: उलट बाजूने येत असाल तर २० मायक्रोसेकंद पुढे जाऊन परत या. जागा साठवतानाही जॉयस्टिकने त्याच बाजूने यायचं, नाहीतर चूक साठवतानाच आत शिरते.